सत्र बदलले की परवानगी कोठे जाते: बर्डीवरच्या एका लिनक्स सेवेचा वर्षभराचा अनुभव

जुन्या संगणकांवर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवून देणाऱ्या आणि पुढे वर्षभर त्यांची देखभाल पाहणाऱ्या नागपुरातल्या एका छोट्या सेवेचे हे परीक्षण आहे. दुकान बर्डीवर आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या चुका झाल्या त्या त्यांच्या एका तंत्रज्ञाच्या हातून झाल्या आणि त्या निस्तरल्या त्याच दुकानातल्या दुसऱ्या तंत्रज्ञाने. केवळ नाव वाचून कोणी अर्धाच निष्कर्ष काढावा असे मला वाटत नाही. मात्र जे घडले ते मी सविस्तर लिहिणार आहे. एकाच लिनक्स संगणकावर अनेक जण आळीपाळीने बसतात अशा प्रत्येक अभ्यासिकेला, वाचनालयाला आणि शाळेला याच अडचणी येतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांवर तोच चुकीचा इलाज केला जातो.

आमचे वाचनालय सक्करदऱ्याच्या बाजूला आहे आणि त्याला जोडून स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून नागपुरात खोली घेऊन राहणारी मुले-मुली तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. निवृत्तीनंतर वाचनालयातल्या यंत्रांची जबाबदारी माझ्याकडे आली. गेल्या वर्षी आम्ही चार जीबी मेमरीचे तीन वापरलेले डेस्कटॉप घेतले आणि त्यांवर डेबियन १२ हा लिनक्सचा एक प्रकार आणि एक्सएफसीई ही पडद्यावरच्या खिडक्या व मेनूंची हलकी मांडणी बसवण्याचे काम या दुकानाला दिले. संगणक तीन आणि विद्यार्थी अठरा, म्हणून प्रत्येकाला प्रत्येक संगणकावर स्वतःचे खाते असावे असे ठरले. ग्रंथपालताईंचे खाते आधी, संगणक बसवतानाच तयार झाले. विद्यार्थ्यांची खाती त्यानंतर एकेक करून उघडली गेली. हा क्रम पुढे महत्त्वाचा ठरला.

बसवण्याच्या कामाबद्दल मला फारसे लिहायचे नाही, कारण ते चोख झाले. डिस्कची विभागणी नीट होती, मराठी टंकण्याचा इन्स्क्रिप्ट कळफलक पहिल्या दिवसापासून चालू होता, प्रिंटर एका फटक्यात लागला. आमचा भाग उन्हाळ्यात तापतो आणि वीजही मधूनच जाते, म्हणून त्यांनी पंखे साफ करून दिले आणि वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल अशी मांडणी करून दिली. पहिले दोन महिने कोणाचीच तक्रार नव्हती. तोपर्यंत एका संगणकावर दिवसभर एकच विद्यार्थी बसत होता, हे त्यामागचे कारण आम्हाला नंतर कळले.

परीक्षेचे दिवस जवळ आले तशी गर्दी वाढली. एक विद्यार्थी तर्री-पोहे खायला किंवा चहाला बाहेर जाताना स्क्रीन लॉक करून जाई आणि तेवढ्या वेळात दुसरा ‘वापरकर्ता बदला’ हा पर्याय घेऊन आपल्या खात्यात शिरे. पहिल्याचे उघडे नोट्स आणि अर्धवट पाहिलेले व्याख्यान जसेच्या तसे राहते, दुसऱ्याचे कामही होते. अशी सोय ज्या यंत्रणेत आहे तिचे मला मनापासून कौतुक वाटते. पण ही सोय नेमकी कशावर उभी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लिनक्समध्ये एकाच पडद्यामागे अनेक आभासी कन्सोल, म्हणजे आलटून-पालटून समोर आणता येणारे स्वतंत्र पडदे, असतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्रेसष्टपर्यंत कन्सोल देऊ शकते, पण रोजच्या वापरात सात-आठच येतात. कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की तिसरा, काळ्या पडद्याचा कन्सोल समोर येतो. आमच्या संगणकांवर लॉगिनची पाटी दाखवणारा लाइटडीएम हा प्रोग्राम पहिले ग्राफिकल सत्र, म्हणजे एका वापरकर्त्याचे लॉगिनपासून बाहेर पडेपर्यंतचे खिडक्या-माउसचे काम, सातव्या कन्सोलवर उघडतो आणि दुसऱ्या वापरकर्त्याचे आठव्यावर. म्हणजे ‘वापरकर्ता बदला’ म्हणणे हे प्रत्यक्षात कन्सोल बदलणेच असते. पडदा, कळफलक, माउस आणि ध्वनिकार्ड मात्र एकेकच असतात, त्यामुळे या क्षणी ते कोणाचे हे दर बदलाच्या वेळी ठरावे लागते. आमच्या साऱ्या तक्रारींचा उगम या ठरण्याच्या जागी होता.

पहिली तक्रार आवाजाची आली. एका विद्यार्थिनीने व्याख्यान लावले आणि आवाज निघाला नाही. आवाजाच्या खिडकीत ध्वनिकार्डाऐवजी ‘डमी आउटपुट’ असे दिसत होते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की आवाज येई आणि काही दिवसांनी पुन्हा जाई. मी दुकानात फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा तंत्रज्ञ आला. तत्परतेत हे दुकान कधी कमी पडले नाही. त्याने दहा मिनिटांत निदान केले: “मॅडम, परवानगीचा प्रॉब्लेम आहे. पोरांना ऑडिओ ग्रुपमध्ये टाकून देतो.” मग त्याने अठराही विद्यार्थ्यांना ‘ऑडिओ’ गटात घातले, पुढे अडचण नको म्हणून ‘व्हिडिओ’ आणि ‘इनपुट’ गटांतही घातले, आणि ध्वनिकार्डाच्या फायली सर्वांना वाचता-लिहिता याव्यात म्हणून चीमॉड ६६६ ही कमांडही चालवली. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरण /डेव्ह या फोल्डरात फाइल म्हणून दिसते; हा फोल्डर डिस्कवर नसतो, दर वेळी संगणक सुरू होताना मेमरीत नव्याने तयार होतो, त्यामुळे अशी कमांड पुढच्या सुरुवातीला टिकत नाही. हे त्याला ठाऊक होते, म्हणून संगणक सुरू होताना चालणाऱ्या आरसी-लोकल या फायलीतही ती त्याने लिहून ठेवली. त्या दिवशी आवाज आला. आम्ही समाधानी झालो आणि कामाच्या चिठ्ठीवर मी सही केली. ती सही मी घाईने केली.

आठवडाभरात आवाजाची तक्रार एका संगणकावरून तिन्हींवर पसरली. पूर्वी कधीतरी जाणारा आवाज आता रोज जाऊ लागला आणि एकाचे व्याख्यान दुसऱ्याच्या सत्रात ऐकू येऊ लागले: पडद्यावर एका मुलाची प्रश्नपत्रिका आणि स्पीकरमधून लॉक करून गेलेल्या दुसऱ्याचा इतिहासाचा तास. मी पुन्हा फोन केला आणि या वेळी, नम्रपणे पण स्पष्टपणे, कन्सोल आणि सत्रे ज्याला समजतात असा माणूस पाठवण्याची विनंती केली. त्यांनी राग न धरता तसा तंत्रज्ञ पाठवला. त्या तरुणाने आमच्यासमोर जे करून दाखवले त्यासाठी मी या सेवेला आजही चांगले गुण देते.

त्याने आधी काहीच बदलले नाही. स्वतःचा लॅपटॉप वाचनालयाच्या नेटवर्कला जोडला, एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने आमच्या संगणकात शिरला आणि ध्वनिकार्डाच्या नियंत्रण-फायलीवर गेटएफएसीएल ही कमांड चालवून कोणकोणत्या वापरकर्त्याला त्या फायलीची परवानगी आहे ती यादी पडद्यावर आणली. मग मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही तिकडे वापरकर्ता बदला आणि इकडे नाव पाहा.” मी एका मुलीच्या सत्रातून लॉगिनच्या पाटीवर गेले तेव्हा त्याने कमांड पुन्हा चालवली: यादीतले मुलीचे नाव गेले होते आणि त्या जागी लाइटडीएमचे नाव आले होते. दुसऱ्या मुलाने पासवर्ड भरला तेव्हा त्या मुलाचे नाव आले. मी कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबून, कोणीच लॉगिन केलेले नाही अशा काळ्या कन्सोलवर गेले तर यादीत कोणाचेच नाव उरले नाही. माझ्या नोकरीच्या काळात मी अनेक उपकरणे उघडून शिकवली, पण कोण खुर्चीवर बसले आहे हे पाहून चावी हातातून हातात जाताना इतकी स्पष्ट मी पूर्वी पाहिली नव्हती.

ही चावी फिरवणाऱ्या प्रोग्रामचे नाव सिस्टिमडी-लॉगिनडी. सिस्टिमडी हा प्रकल्प २०१० साली सुरू झाला आणि त्याचा हा लॉगिनचा भाग पुढच्या वर्षी आला. त्याआधी असेच काम कन्सोलकिट नावाचा प्रोग्राम करत असे. डेबियनने २०१५ साली, आपल्या आठव्या आवृत्तीपासून, सिस्टिमडीला मुख्य स्थान दिले. संगणकाला जोडलेला पडदा, कळफलक, ध्वनिकार्ड हे सारे मिळून एक ‘आसन’ होते. एका आसनावर कितीही सत्रे उघडी राहू शकतात, पण सक्रिय सत्र एका वेळी एकच असते, आणि ध्वनिकार्ड, कॅमेरा, ग्राफिक्स कार्ड यांसारख्या उपकरणांवर त्या सक्रिय सत्राच्या मालकाचे नाव लॉगिनडी लिहितो व आधीच्या मालकाचे पुसतो. फायलींची यादी देणाऱ्या एलएस-एल या नेहमीच्या कमांडीत परवानग्यांच्या अक्षरांच्या शेवटी एक लहानसे अधिकचे चिन्ह दिसते, ती या जादा यादीची खूण. आवाज सांभाळणारा प्रोग्राम प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असतो. आपले नाव पुसले गेल्याचे त्याला कळते, तो ध्वनिकार्ड सोडतो आणि पुढच्याला ते मोकळे मिळते. म्हणजे सत्र लॉक करून गेलेल्याचा आवाज थांबणे हा दोष नव्हे; ती व्यवस्था मुद्दाम तशी केलेली आहे.

मग आमच्याकडे मुळात काय बिघडले होते? ग्रंथपालताईंचे खाते. डेबियन बसवताना जे पहिले खाते तयार होते त्याला बसवणारा प्रोग्राम स्वतःहून ऑडिओ, व्हिडिओ आणि आणखी काही गटांत टाकतो. नंतर उघडलेल्या खात्यांना हे गट मिळत नाहीत. गटातून मिळालेली परवानगी कायमची असते. कन्सोल कोणाचाही पुढे असो, तिच्यावर लॉगिनडीची सत्ता चालत नाही. ताई सकाळी ब्राउझरमध्ये भक्तिगीते लावत आणि कामासाठी उठताना स्क्रीन लॉक करत; त्यांचे सत्र मागे गेले तरी गटामुळे त्यांचा आवाजाचा प्रोग्राम ध्वनिकार्ड धरून राही आणि समोर बसलेल्या विद्यार्थिनीला ते व्यस्त मिळे. ती एका खात्यापुरती, एका संगणकापुरती अडचण होती. पहिल्या तंत्रज्ञाने अठरा जणांना त्याच गटात घालून ती अठरा पटींनी वाढवली. ज्यांना परवानगी कमी पडते आहे असे त्याला वाटले त्यांना ती वेळेवर, बरोबर मिळतच होती. एका खात्याला ती गरजेपेक्षा जास्त मिळाली होती.

‘इनपुट’ गटाबद्दल मला येथे थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण आवाजाचा घोटाळा त्रासदायक असतो पण हा गट धोकादायक आहे. कळफलकाच्या प्रत्येक कळीची नोंद /डेव्ह/इनपुट मधल्या फायलींतून येते. लॉगिनडी या फायलींवर सक्रिय वापरकर्त्याचेसुद्धा नाव लिहीत नाही; ग्राफिकल सत्र या फायली लॉगिनडीकडून उघडून घेते आणि सत्र मागे गेले की कर्नलमधली एक सोय, जी २०१३ च्या ३.१२ आवृत्तीपासून उपलब्ध आहे, ती उघडलेली वाट बंद करते. जो वापरकर्ता इनपुट गटात आहे त्याला मात्र ही फाइल थेट वाचता येते, त्याचे सत्र मागे असतानाही. म्हणजे लॉक करून चहाला गेलेल्या मुलाचा एखादा प्रोग्राम समोर बसलेल्या मुलीचा बँकेचा पासवर्ड अक्षर-अक्षर टिपू शकला असता. आमच्या मुलांपैकी कोणी असे केले नाही आणि करील असे मला वाटतही नाही, पण काही आठवडे आमच्या तिन्ही संगणकांवर ही वाट उघडी होती आणि त्याखाली माझी सही होती. ऑडिओ आणि व्हिडिओ गटांचेही तसेच: मागे पडलेल्या सत्रातून मायक्रोफोन ऐकता येतो, कॅमेरा पाहता येतो.

दुसऱ्या तंत्रज्ञाने केलेली दुरुस्ती करण्यापेक्षा काढण्याचीच होती. त्याने विद्यार्थ्यांना तिन्ही गटांतून काढले, ताईंच्या खात्यालाही ऑडिओ व व्हिडिओ गटांतून काढले, आरसी-लोकलमधली ओळ पुसली आणि तिन्ही संगणक पुन्हा सुरू केले. गट काढल्यावर पुन्हा सुरू करणे का आवश्यक आहे, हेही त्याने समजावून सांगितले: चालू असलेल्या सत्राला लॉगिनच्या वेळचे गट शेवटपर्यंत चिकटून राहतात, म्हणून नुसते नाव काढून उपयोग नाही. काम पाऊण तासाचे होते. त्याने नवे काहीही बसवले नाही आणि बिलात नवे काही लावले नाही.

त्याच भेटीत पेन ड्राइव्हचे कोडेही सुटले. एका मुलाने पेन ड्राइव्ह लावायचा, स्क्रीन लॉक करून जायचे आणि पुढच्याने तोच ड्राइव्ह उघडायला जावे तर ‘परवानगी नाही’, असे वारंवार होत होते. मुले याला बिघाड समजत. वस्तुतः ड्राइव्ह जोडला जातो तो /मीडिया फोल्डरात त्या-त्या वापरकर्त्याच्या नावाच्या कप्प्यात, आणि तो कप्पा दुसऱ्याला उघडता येत नाही. काढता-घालता येणारा ड्राइव्ह पासवर्डाशिवाय जोडण्याची मुभाही सक्रिय सत्रालाच असते. मागे असलेले सत्र किंवा दुरून एसएसएचने आलेला माणूस यांना पोलकिट हा परवाने तपासणारा प्रोग्राम व्यवस्थापकाचा पासवर्ड विचारतो. मी घरून बॅकअपचा ड्राइव्ह जोडायला गेले की मला पासवर्ड का मागितला जातो आणि तेच काम वाचनालयात बसून केले की का मागितला जात नाही, हे मला तेव्हा उमगले. येथे बदलण्यासारखे काही नव्हते. ‘उठण्यापूर्वी आपला पेन ड्राइव्ह काढून घ्यावा’ अशी एक पाटी आम्ही लावली.

आता दुसरी चूक, जी मला पहिलीपेक्षा जास्त लागली, कारण तिच्यात एका मुलीचा एक अख्खा दिवस गेला. आवाजाच्या पहिल्या तक्रारीच्या वेळी पहिल्या तंत्रज्ञाने तिचे खाते तपासण्यासाठी वेगळे ग्राफिकल सत्र उघडायचे ठरवले. तो तिसऱ्या कन्सोलवर आपल्या व्यवस्थापकाच्या खात्याने शिरला, तेथून एसयू या वापरकर्ता बदलणाऱ्या कमांडने तिच्या खात्यात गेला आणि ग्राफिकल सत्र सुरू करणारी स्टार्टएक्स ही कमांड चालवली. ‘कन्सोल ३ उघडता येत नाही, परवानगी नाही’ असा संदेश आला. हा संदेश अगदी रास्त होता. ज्याने कन्सोलवर लॉगिन केले तोच त्या कन्सोलच्या फायलीचा मालक होतो आणि सत्रही त्याच्याच नावावर नोंदले जाते. एसयूने माणूस बदलतो, पण सत्र बदलत नाही. पूर्वी ग्राफिकल पडदा दाखवणारा एक्स हा प्रोग्राम सुपरयूझरच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या ‘रूट’ खात्याच्या, अधिकाराने चाले, तेव्हा ही बाब लपून जाई. २०१४ च्या १.१६ आवृत्तीपासून तो साध्या वापरकर्त्याच्या अधिकारातही चालू शकतो. स्टार्टएक्सने उघडल्यास डेबियनमध्ये तो आता तसाच चालतो, आणि म्हणून कन्सोल व वापरकर्ता यांची जोडी जुळणे आवश्यक ठरते. तंत्रज्ञाने बाहेर पडून, तिसऱ्या कन्सोलवर थेट त्या मुलीला तिच्या नावाने लॉगिन करायला सांगितले असते तर सत्र त्याच क्षणी उघडले असते.

त्याऐवजी त्याने तिच्या खात्याची सारी सेटिंग तशीच ठेवून सुपरयूझरच्या अधिकाराने स्टार्टएक्स चालवले. सत्र उघडले, त्याने पाहायचे ते पाहिले आणि बंद केले. मात्र त्या वेळी तिच्या घर-फोल्डरातली एक्सऑथॉरिटी नावाची छोटी लपलेली फाइल सुपरयूझरच्या मालकीची झाली. ग्राफिकल सत्र सुरू होताना या फायलीत ओळखीची खूण लिहावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीने पासवर्ड भरला, पडदा क्षणभर काळा झाला आणि लॉगिनची पाटी पुन्हा समोर आली. चुकीच्या पासवर्डाचा संदेश नाही, काही नाही. तिने दहा वेळा प्रयत्न केला. इतर मुलांची खाती त्याच संगणकावर नीट उघडत होती, त्यामुळे आपल्याच हातून काहीतरी झाले असे तिला वाटत राहिले. मी संध्याकाळी पोचले, काळ्या कन्सोलवर तिला लॉगिन करायला लावले तर ते लगेच झाले, आणि तिथे फायलींची यादी पाहिल्यावर मालकाच्या रकान्यात तिच्या नावाऐवजी ‘रूट’ दिसले. मालकी परत तिच्या नावावर करायला चीओन ही एक कमांड पुरली. ज्यांच्याकडे असे लॉगिनचे चक्र होत असेल त्यांनी आधी ही फाइल पाहावी. खाते पुसून नवे करण्याची गरज बहुधा नसते. दुकानाने याबद्दल त्या मुलीला फोन करून क्षमा मागितली, हे मी येथे नमूद करते.

सेवेच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे आणि ती आम्ही मागितलीही नव्हती. काळा कन्सोल स्क्रीन लॉकच्या बाहेर असतो. ग्राफिकल सत्र लॉक करून गेलात आणि तिसऱ्या कन्सोलवर आपले लॉगिन तसेच राहिले असेल, तर पुढे बसणारा तीन कळा दाबून थेट तुमच्या खात्यात पोचतो. तेथून तुमचे लॉक केलेले ग्राफिकल सत्र सत्रे हाताळणाऱ्या लॉगिनसीटीएलच्या एका कमांडीने उघडताही येते. मी स्वतः बॅकअप पाहताना असे दोनदा केले होते. दुसऱ्या तंत्रज्ञाने हे लक्षात आणून दिले आणि काळ्या कन्सोलवर पाच मिनिटे काही टंकले नाही तर लॉगिन आपोआप मिटेल अशी मर्यादा घातली, तीही केवळ कन्सोलपुरती, म्हणजे ग्राफिकल सत्रातल्या टर्मिनलांना, कमांड टंकण्याच्या खिडक्यांना, ती लागू नये अशी काळजी घेऊन. शिवाय मागणीनुसार उघडणारे कन्सोल मूळच्या सहावरून दोनवर आणले आणि सहावा कन्सोल अडचणीच्या वेळेसाठी राखीव ठेवला. कन्सोल पूर्णपणे बंद करण्याचा पर्यायही त्याने सांगितला आणि तो का घेऊ नये हेही सांगितले: ग्राफिकल सत्र अडकले तर संगणक जबरदस्तीने बंद न करता आत शिरण्याचा तोच एक मार्ग उरतो. मे महिन्यात एकदा तसे झालेही. पडदा गोठला होता आणि कंट्रोल-अल्ट-एफ२ लासुद्धा प्रतिसाद नव्हता. अल्ट, सिस-रिक्वेस्ट आणि आर या कळा दाबून कळफलक ग्राफिकल सत्राच्या ताब्यातून सोडवला, मग दुसऱ्या कन्सोलवर जाऊन अडकलेला ब्राउझर बंद केला आणि त्या मुलाचा टंकलेला निबंध वाया जाण्यापासून बचावला.

उणिवा दोन उरतात. पहिली दुकानाची नाही, पण ती लपवूनही ठेवू नये: काळ्या कन्सोलवर देवनागरी दिसत नाही. कर्नलच्या कन्सोलच्या फाँटात फार तर ५१२ चिन्हे मावतात आणि मात्रा व जोडाक्षरे जुळवण्याची सोय तेथे नाही, म्हणून मराठी नावांच्या फायली ठोकळ्यांच्या रांगेसारख्या दिसतात. ग्राफिकल सत्रातला इन्स्क्रिप्ट कळफलकही तेथे चालत नाही. ज्यांनी पासवर्डात देवनागरी अक्षरे घातली होती अशा दोन विद्यार्थ्यांना कन्सोलवर शिरताच येईना. त्यांना पासवर्ड रोमन लिपीत बदलून घ्यावा लागला. हे बसवतानाच सांगितले गेले असते तर बरे झाले असते.

दुसरी उणीव दुकानाची आहे. दोन तंत्रज्ञांच्या ज्ञानातले अंतर फार मोठे आहे आणि आपल्याकडे कोण येणार हे ग्राहकाला आधी कळत नाही. पहिला तंत्रज्ञ आळशी किंवा बेपर्वा नव्हता. वायरिंग, डिस्क, प्रिंटर यांत त्याचा हात उत्तम आहे. ‘परवानगी नाही’ असा संदेश दिसला की परवानगी वाढवायची, एवढेच तो शिकला होता. चिठ्ठीवर ‘आवाज दुरुस्त केला’ असे तीन शब्द लिहून तो गेला. कोणते गट, कोणती फाइल, कोणती कमांड याचा उल्लेख त्यात नव्हता. दुसऱ्याने मात्र केलेला प्रत्येक बदल वहीत लिहून दिला आणि तो मागे कसा घ्यायचा हेही लिहिले. ही वही मी ग्रंथपालताईंच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.

तिन्ही संगणकांच्या वर्षभराच्या देखभालीचे आम्ही साडेचार हजार रुपये दिले. वर्षात सात भेटी झाल्या आणि त्यांपैकी एकीचेही वेगळे पैसे घेतले गेले नाहीत, म्हणून दर मला वाजवी वाटतो. ज्यांच्याकडे एका संगणकावर एकच माणूस बसतो त्यांनी ही सेवा निःशंकपणे घ्यावी. ज्यांच्याकडे आमच्यासारखी आळीपाळी चालते त्यांनी ती घेताना पहिल्या दिवशीच दोन खात्यांनी लॉगिन करून, एकात गाणे लावून, दुसऱ्यात जाऊन आवाज येतो का हे तंत्रज्ञासमोर पाहावे आणि प्रत्येक खाते कोणकोणत्या गटांत आहे ते लिहून मागावे.

आम्ही करार याच महिन्यात पुढच्या वर्षासाठी वाढवला. दुकानाशी बोलून त्यात एक ओळ हाताने लिहून घेतली: कोणत्याही विद्यार्थ्याला कोणत्याही गटात घालण्यापूर्वी किंवा /डेव्ह मधल्या फायलींच्या परवानग्या बदलण्यापूर्वी मला फोन करायचा, आणि बदल झाल्यावर निघण्यापूर्वी दोन खात्यांची अदलाबदल करून दाखवायची. मालकांनी ती ओळ वाचली, पहिल्या तंत्रज्ञाला बोलावून त्यालाही वाचायला दिली आणि मग दोघांनीही खाली सही केली.